जुनी गोधडी ओळखावी कशी, जपावी कशी आणि नवी शिवावी कशी

गोधडी शिवायचं मनात आलं की आपण आधी कापड शोधायला लागतो. माझा आग्रह वेगळा आहे. आधी एक जुनी गोधडी मिळवा, दिवसाउजेडी खिडकीपाशी अंथरा आणि तिच्याशेजारी तासभर बसा. थर किती, दोरा कुठून सुरू झाला, कुठलं कापड वर ठेवलं आणि कुठलं आत गेलं, हे एकदा नीट पाहिलं की शिवण्यातल्या निम्म्या शंका तिथंच मिटतात.

जुनी गोधडी शोधायची ती घरापासूनच. माळ्यावरची ट्रंक, गाद्यांच्या खालचा थर, पाहुण्यांसाठी बांधून ठेवलेली वळकटी इथं बघा. बरी लुगडी बोहारणीकडे जायची आणि त्यांची भांडी व्हायची. ज्याचं भांडंही आलं नसतं ते गोधडीत जायचं. त्यामुळे पैठणीसारखं जपून न ठेवलेलं, रोज अंगावर वापरलेलं कापड आज बघायला मिळतं ते बहुतेक गोधडीतच. नातेवाइकांना “जुनी गोधडी आहे का?” असं विचारलं तर लोक संकोचतात, फाटकं दाखवायला नको वाटतं. “तुमच्याकडं वाकळ कोण शिवायचं?” असं विचारून बघा, बोलणं आपोआप सुरू होतं. जे कळेल ते त्याच दिवशी वहीत उतरवा: कुणी शिवली, तिचं गाव कुठलं, त्यातलं हिरवं लुगडं कुणाचं, लाल खण कुणाच्या चोळीचा. गोधडीवर शिवणारीचं नाव सहसा नसतं आणि ते सांगणारी माणसं कमी होत चालली आहेत.

गोधडी वाचायची कशी

आधी उलट बाजू बघा. हाताचा टाका मागून पुढून कधीच अगदी सारखा नसतो. मागचा थोडा लहान पडतो, ओळ जरा वाकते, दोरा संपला तिथं गाठ लपवलेली सापडते. यंत्राची शिवण दोन्हीकडून एकसारखी, सलग दिसते. हाताच्या धावदोऱ्यात टाका आणि टाक्यामधलं रिकामं अंतर असा क्रम असतो. कडेपासून आत आत जाणाऱ्या चौकटींमध्ये दोरे घातले असतील तर ती जुनी, चांगली पद्धत आहे. काही गोधड्यांत दोऱ्याच्या ओळी सरळ आडव्या जातात, तीही जुनीच रीत.

मग फाटलेली जागा शोधा. तिथं बोटानं हळूच थर मोजा, ओढू नका. खूपदा आत आणखी एक अख्खी गोधडी निघते. वरचं कापड विरलं की त्यावर नवीन खोळ चढवून पुन्हा दोरे घालायची पद्धत होती, त्यामुळे एकाच गोधडीत दोन-तीन पिढ्यांचं कापड सापडू शकतं. वय ठरवताना सर्वात वरच्या कापडावरून आतलं ठरवू नये, हे त्यासाठीच सांगते.

कापड ओळखायला काठ आणि पदर फार उपयोगी पडतात. इरकल लुगड्याचा पदर लाल आणि त्यावर पांढरं विणकाम असतं; अंगाचे आणि पदराचे उभे धागे वेगळे असून ते एकमेकांत अडकवून जोडलेले असतात, त्या जोडाची बारीक रेघ बोटाला लागते. खणाचा तुकडा बारीक बुट्टी आणि अंगच्या काठामुळे चटकन कळतो, आणि तो बहुतेक वेळा त्रिकोणात कापून कोपऱ्याला किंवा मध्यभागी लावलेला असतो. धोतराचं पांढरं कापड आत, पातळ छापील चिटाचं वर, मांजरपाट खाली, अशी विभागणी खूप दिसते.

रंगावरून मात्र घाईनं निष्कर्ष काढू नका. “नैसर्गिक निळीची आहे, म्हणजे शंभर वर्षांची” असं विकणारे सांगतात. कृत्रिम नीळ १८९७ पासून बाजारात आहे आणि मंजिष्ठाचा लाल देणारं अलिझरिन १८६९ पासून कारखान्यात तयार होऊ लागलं. निळा किंवा लाल रंग एकटा काहीच सिद्ध करत नाही. त्यापेक्षा धागा बघा. सुटलेला एखादा धागा चिमट्यानं काढून सुरक्षित जागी जाळला तर सुताला जळक्या कागदाचा वास येतो आणि राख मऊ, राखाडी पडते. पॉलिस्टर वितळून कडक गोळी बनतं. रेशमाला किंवा लोकरीला जळक्या केसांचा वास येतो. वरच्या कापडात पॉलिस्टर मिसळलेलं निघालं तर ते आवरण टेरिकॉट घरोघरी पोचल्यानंतरचं, म्हणजे साधारण १९७० च्या आसपासचं किंवा त्यानंतरचं धरा. आतली गोधडी तरीही कितीतरी जुनी असू शकते. नोटा तपासायचा जांभळ्या उजेडाचा छोटा दिवा असेल तर अंधारात फिरवून बघा. हल्लीचं पांढरं कापड आणि दोरा निळसर चमकतो. पण चमकदार डिटर्जंटनं धुतलेली जुनी गोधडीही चमकते, म्हणून या एका खुणेवर विसंबू नये.

काळं कापड आधी विरलेलं दिसेल. जुन्या काळ्या रंगात लोहाचा वापर व्हायचा आणि ते लोह सुताला हळूहळू खातं. बाकी गोधडी धडधाकट आणि काळ्या पट्ट्याच तेवढ्या जाळीदार झालेल्या, असं दिसलं तर त्या जागी नवीन ठिगळ लावू नका. सुई लागली की तो पट्टा तुटतो. दोन्ही बाजूंनी पातळ जाळीचं कापड ठेवून ते आजूबाजूच्या भक्कम भागाला हलक्या टाक्यांनी अडकवावं.

जुनी गोधडी धुण्याआधी

आजोळहून आणलेली एक वाकळ मी सरळ बादलीत भिजवली होती. इरकलीच्या पदराचा लाल रंग धोतराच्या पांढऱ्या कापडात उतरला आणि तो आजतागायत गेलेला नाही. म्हणून आधी प्रत्येक रंगावर ओला पांढरा रुमाल अर्धा मिनिट दाबून धरा. रुमालाला रंग लागला तर पाणी लावूच नका. जाळीचं कापड वर अंथरून, व्हॅक्यूम क्लीनर अगदी हळू चालवून धूळ काढा आणि सावलीत वारा द्या. रंग पक्का असेल, कापडात जीव असेल, तरच टबमध्ये गार पाण्यात, सौम्य साबणानं, न पिळता धुवा. ओली गोधडी फार जड होते. दोरीवर टाकली तर स्वतःच्याच वजनानं टाके तुटतात, म्हणून चादरीवर सपाट पसरून वाळवा.

घडी घालून ठेवायची तर दर दोन-तीन महिन्यांनी घडीची जागा बदला, नाहीतर त्याच रेघेवर कापड चिरतं. जाड पुठ्ठ्याच्या नळीवर धुतलेला मांजरपाट गुंडाळून त्यावर गोधडी सैल गुंडाळली तर उत्तम. प्लास्टिकची पिशवी पावसाळ्यात बुरशी धरते, तेव्हा सुती खोळच बरी. कसर लागल्याचा संशय असला तर गोधडी हवाबंद पिशवीत घालून उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये पंधरा दिवस ठेवावी. एवढ्यासाठीच पिशवी चालते.

आता स्वतः शिवू या

पहिली गोधडी एका माणसाची करा. जुनं नऊवारी मिळालं तर मापाची चिंताच नको. ते सव्वाआठ मीटर लांब आणि साधारण सव्वा मीटर रुंद असतं. त्याच्या चार घड्या केल्या की दोन मीटर लांबीचे चार थर तयार होतात. सहावारी साडेपाच मीटरची असेल तर तीन घड्या बसतात. जुनी, बऱ्याचदा धुतलेली सुती कापडंच घ्या. नवीन कापड आणि पॉलिस्टर यांत सुई नेटानं ढकलावी लागते आणि ऊबही तशी येत नाही.

सगळी कापडं गरम पाण्यात धुऊन खळ काढा आणि वाळवा. प्रत्येक कापड उजेडासमोर धरून दोन्ही हातांनी हलकं ताणा. जिथं धागे सरकतात तो भाग आत. लुगडं नेहमी बसण्याच्या जागी विरतं, तेव्हा घडी अशी घाला की दोन विरलेल्या जागा एकावर एक येणार नाहीत. जाड काठ आधीच उसवून बाजूला काढा. त्यातून सुई जाता जात नाही, पण कडेला लावायला त्यांच्यासारखं दुसरं काही नाही.

जमीन स्वच्छ पुसा. खालचं कापड सर्व बाजूंनी चार-चार सेंटिमीटर मोठं ठेवून उलटं अंथरा, चार कोपऱ्यांवर वजनं ठेवा. त्यावर एकेक थर टाकताना मधून बाहेर हात फिरवून सुरकुत्या काढा. शेवटी वरचे तुकडे. तुकडे आधी जोडून एक पाट बनवता येतो, किंवा कडा एक सेंटिमीटर आत दुमडून एकाशेजारी एक थेट थरांवर मांडता येतात. मला दुसरी रीत आवडते, मांडता मांडता रंग बदलता येतो.

आता टाचून घ्या. ही पायरी कंटाळवाणी आहे आणि हीच सोडली की गोधडी मध्यभागी फुगते. मधोमध सुरुवात करून चारी दिशांना, वीतभर अंतरावर, लांब लांब कच्चे टाके घाला. पक्के दोरे आपण कडेकडून आत घालणार आहोत, म्हणजे कापड सरकत सरकत मध्यभागी गोळा होऊ पाहतं. मधून बाहेर टाचलेलं असलं की ते जागचं हलत नाही.

पक्क्या दोऱ्यासाठी जाड सुती दोरा घ्या, दोन पदरी करा आणि मेणावरून ओढा. एका वेळी हातभरच दोरा ओवा, लांब दोरा गुंततो आणि घासून झिजतो. गाठ दोन थरांच्या मध्ये ओढून घ्या. कडेपासून दोन बोटं आत पहिली चौकट, मग अडीच सेंटिमीटर आत दुसरी, असं मध्यापर्यंत जा. डावा हात गोधडीखाली राहू द्या. सुईचं टोक त्याच्या बोटाला लागलं म्हणजे ती सगळ्या थरांतून गेली. दर वेळी सुईवर तीन-चार टाके घेऊन मग दोरा ओढा. बोटात अंगुस्तान घातल्याशिवाय बसू नका.

सव्वा बाय दोन मीटरच्या गोधडीत अडीच सेंटिमीटर अंतरानं गेलं तर शंभर मीटरच्या आसपास दोरे पडतात, म्हणजे सुमारे आठ हजार टाके. दोन पदरी दोरा अडीचशे मीटर तरी लागतो, तीनशे आणून ठेवा. रोज दीड-दोन तास बसलात तर महिनाभराचं काम आहे. पूर्वी हे काम चैत्र-वैशाखात, रानातली कामं हलकी असताना, दुपारी दोघी-तिघी मिळून करायच्या आणि दोन बाजूंनी बसल्या की ते निम्म्या वेळात उरकायचं. तुम्हीही शेजारणीला बोलवा. दोघींचे टाके वेगळे दिसतील, ते तसेच राहू द्या.

मध्य गाठला की कच्चे टाके उसवा. खालचं जास्तीचं कापड वर दुमडून कडा शिवा, त्यावर बाजूला ठेवलेला काठ लावा, कोपऱ्यांना खणाचे त्रिकोण. मागच्या बाजूला तळहाताएवढा पांढरा तुकडा शिवा आणि त्यावर रंगीत दोऱ्यानं आपलं नाव, गाव, वर्ष आणि आत कुणाची लुगडी गेली तेही भरा. मग एकदा गार पाण्यातून काढून सपाट वाळवा. त्या पहिल्या धुण्यात दोरा आणि कापड मिळून थोडे आकसतात, ओळींच्या मधला भाग किंचित वर येतो आणि हाताखाली ती ओळखीची खडबड लागायला लागते.