चाळिशीनंतर वजन उतरवताय? काटा रविवारी, टेप पंधरा दिवसांनी

साताऱ्यात मी बायकांचे ब्लाउज आणि ड्रेस शिवते. रोज मापं घ्यायची असल्यामुळे चाळिशी-पन्नाशीत शरीर कुठे भरतं, ते मला टेपवर लगेच दिसतं. पाळी जायच्या सुमारास दंडघेर आणि मुंढा तेवढाच राहतो, पोटाचा घेर मात्र वाढत जातो. माझ्या आईला मधुमेह आहे, रोजचं इन्सुलिन आहे. स्वतःच्या पोटाचा घेर वाढताना बघितला आणि मी मनावर घेतलं.

वजन उतरवण्याचा हुरूप बहुतेक जणींचा तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ओसरतो, आणि तो काट्यामुळे. पहिल्या आठवड्यात जे दीड-दोन किलो जातात त्यात बरंचसं पाणी असतं. अंगात साठलेली साखर वापरली जाते आणि तिने धरून ठेवलेलं पाणीही निघून जातं. पुढे चरबी उतरते ती सावकाश. त्यातच लोणचं-पापड जास्त झालं किंवा पाळी जवळ आली की किलोभर पाणी अंगात थांबतं. बाई बिचारी मनापासून करत असते आणि काटा तिला वर गेलेला दिसतो. म्हणून रोज वजन करू नका. रविवारी सकाळी, पोट साफ झाल्यावर, चहाच्या आधी एकदाच काट्यावर उभं राहा. आकडा कालनिर्णयच्या चौकटीत लिहा आणि महिन्याचे चारही आकडे एकत्र बघा.

टेप पंधरा दिवसांनी लावा. निऱ्या खोचतो तिथे माप घेऊ नका. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, टेप न आवळता घ्या. आपल्याकडच्या बायकांसाठी ८० सेंटिमीटर, म्हणजे साधारण साडेएकतीस इंच, आणि पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर ही मर्यादा डॉक्टर धरतात. काटा अडून बसलेला असतानाही कित्येकदा टेप अर्धा इंच खाली येतो. तसा आला की ब्लाउजची शिवण लगेच आत घ्या. शिवणीच्या आत सोडलेलं जादा कापड, म्हणजे माया, कापू नका, फक्त एक टीप मारा. बेताचा बसलेला ब्लाउज दिवसभर जाणवतो. ढगळ कपड्यात महिनाभर वाढलेलंही कळत नाही.

लग्नातला ब्लाउज अंगात यायला हवा, असं ठरवून बायका माझ्याकडे येतात. ते माप बाविसाव्या वर्षाचं, त्यामागे लागू नका. सत्तर किलो वजन असेल तर आधी पाच किलो एवढंच ठरवा. अमेरिकेत मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या लोकांचा एक मोठा अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २००२ मध्ये आले. वजन सात टक्क्यांनी उतरवायचं आणि आठवड्याला १५० मिनिटं झपझप चालण्याएवढी हालचाल करायची, हे उद्दिष्ट ज्यांना दिलं होतं त्यांच्यात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. साठीच्या पुढच्यांमध्ये तर ७१ टक्क्यांनी! ‘आता या वयात काय उपयोग’ असं कुणी म्हणालं की मी हाच आकडा सांगते.

वय झालं की शरीरातलं जळणच मंदावतं, हेही फार ऐकू येतं. २०२१ मध्ये सहा हजारांहून जास्त लोकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. अंगाचा आकार आणि स्नायू हिशेबात धरल्यावर विशीपासून साठीपर्यंत शरीराचा हा ऊर्जेचा खर्च जवळजवळ सारखाच निघाला. कमी होतात ते स्नायू आणि आपली ऊठबस. माझं काम बैठं, म्हणून मी बॉबिनशी व्यायाम बांधून टाकलाय. बॉबिन संपली की हात न टेकता दहा वेळा खुर्चीवरून उठायचं-बसायचं, मगच नवी बॉबिन भरायची. तुम्ही कुकरशी बांधा. शिट्ट्या होईपर्यंत ओट्याला हात टेकून दंड काढा.

चालायला सोबत हवीच. सकाळी ‘चार भिंती’ या स्मारकाकडे, अजिंक्यतारा किल्ल्यावर, यवतेश्वरच्या घाटात सातारकर चढताना दिसतात. शेजारच्या वहिनी फाटकाशी येऊन उभ्या राहतात, म्हणून मी अंथरुणातून उठते. एकटीने ठरवलेलं पावसाळ्यात टिकत नाही.

खाण्यातली भाकरी, पिठलं, उसळ सोडू नका. उसळीची वाटी मोठी करा, भात निम्मा करा. मुलांच्या ताटातलं उरलेलं वाया जाऊ नये म्हणून आपण खातो, ते डब्यात भरून ठेवा. तेलाचा डबा फोडला की त्यावर तारीख लिहा. तो किती दिवस पुरला हे बघण्यात खरंच मजा येते. उपवासाला साबुदाणा खिचडीऐवजी भगर आणि ताक घ्या. गणपती ते दिवाळी या काळात वजन उतरवायचं ठरवूच नका, आहे तिथे राखा. उकडीचा मोदक खा, कुणी कंदी पेढा दिला तर एक खा. घरात मात्र पेढ्यांचा पुडा आणून ठेवू नका.

थोडं उतरलं की नातेवाईक म्हणतील, “चेहरा किती उतरलाय गं, आजारी आहेस का?” हे ऐकून कितीतरी जणी चालणं सोडतात, मला फार वाईट वाटतं. “डॉक्टरांनी सांगितलंय, काकू,” एवढंच म्हणा आणि विषय बदला. डॉक्टरांकडे मात्र खरोखरच जा. थायरॉइड तपासून घ्या. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर जेवण कमी करण्याआधी त्यांना विचारा, कारण साखर एकदम खाली जाऊ शकते.

लग्नसराई, घरातलं आजारपण, शिवणाची घाई, यात चालणं मोडतंच. पुन्हा सुरू करताना पहिला आठवडा निम्म्याच अंतराचा ठेवा. काटा आणि टेप दोन आठवडे कपाटातच राहू द्या. आधी रोज घराबाहेर पडणं जमू दे, मग मापं घेऊ.