कपाट पहिल्या शनिवारी उघडायचं

यंदा शाळेच्या ग्रंथालयाचा पदभार तुमच्याकडे आला असेल, तर मे संपता संपता एक तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा: शाळा सुरू झाल्यानंतरचा पहिला शनिवार. त्या दिवशी सकाळची शाळा सुटताना प्रत्येक मुलाच्या दप्तरातून एक गोष्टीचं पुस्तक घरी गेलं पाहिजे. पुढची सगळी तयारी त्या शनिवारसाठी आहे. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत ग्रंथपाल म्हणून वेगळा माणूस नसतो, वर्ग सांभाळून कुणीतरी शिक्षक हे काम करतो. त्यामुळे ‘आधी नोंदी पूर्ण करू, मग पुस्तकं देऊ’ म्हटलं की दिवाळी उजाडते. माझ्या पहिल्या वर्षी नेमकं हेच झालं. मी कपाटाला कुलूप घालून ऑगस्टपर्यंत रजिस्टर लिहीत बसले. दुसरीतली एक मुलगी मधल्या सुट्टीत काचेला नाक लावून उभी राहायची. एक दिवस तिने विचारलं, “बाई, तुमची वाचून झाली का सगळी?” तेव्हापासून माझ्या कामांचा क्रम बदलला.

पहिलं काम मात्र कागदाचंच आहे, आणि ते मुलं यायच्या आधी उरकायचं. पदभार घेताना नुसत्या आकड्यावर सही करू नका. ‘एकूण पुस्तकं 640’ असं लिहिलेलं असतं, कपाटात मात्र तेवढी भरत नाहीत. दोघांनी मिळून पडताळणी करा. एकाने दाखल नोंदवहीतला (आलेलं प्रत्येक पुस्तक क्रमांक देऊन जिथे लिहितात, त्या वहीतला) क्रमांक वाचायचा, दुसऱ्याने पुस्तक हातात घ्यायचं, आणि सापडलं की नोंदवहीत पेन्सिलीने बारीक खूण. न सापडलेल्यांची वेगळी यादी करून आधीच्या पदभारधारकांची आणि मुख्याध्यापकांची त्यावर सही घ्या. हे एवढ्यासाठी सांगते, की आपल्या शाळांतली कपाटं बंद राहतात ती आळसामुळे नव्हे, भीतीमुळे. पुस्तकं आपल्या नावावर असतात, हरवली तर वसुली होईल असं मनात बसलेलं असतं. काय मिळालं आणि काय मिळालं नाही हे पहिल्या दिवशी कागदावर आलं, की हात मोकळा होतो. पार फाटलेली पुस्तकंही परस्पर रद्दीत घालू नका. त्यांची यादी करून मुख्याध्यापकांमार्फत निर्लेखनाचा, म्हणजे ती नोंदवहीतून रीतसर कमी करण्याचा, प्रस्ताव पाठवा आणि मंजुरी येईपर्यंत ती एका खोक्यात बांधून ठेवा.

पडताळणी करताना शिक्का आणि दाखल क्रमांक मुखपृष्ठाच्या आतल्या पानावर आहे ना ते पाहा. शिवाय आतलं एखादं ठरलेलं पानही निवडा. मुलांची चित्रपुस्तकं पुष्कळदा 16 पानांचीच असतात, म्हणून मी नववं पान धरते. पहिलं पान गळालं तरी पुस्तक आपलं आहे हे कळतं. शिक्का चित्रावर मात्र मारायचा नाही.

आता पावसाचं. आमच्याकडे कोकणात जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून भिंती ओलावतात. कपाट भिंतीपासून चार-पाच बोटं पुढे ओढा, खाली विटा द्या, सगळ्यात खालचा कप्पा रिकामाच ठेवा. पुस्तकं गच्च कोंबू नका, मधून हवा खेळली पाहिजे. मेच्या शेवटी सगळी बाहेर काढून सावलीत वारा लागेल अशी पसरा. कडक उन्हात चित्रांचे रंग उडतात आणि पुठ्ठे वाकतात. कसर लागू नये म्हणून वाळलेला कडुलिंबाचा पाला आणि वेखंडाच्या पुरचुंड्या कोपऱ्यांत ठेवा. डांबरगोळ्या नकोत. पहिलीच्या मुलांना त्या पेपरमिंटसारख्या दिसतात.

दुरुस्तीसाठी दोन दुपारी राखून ठेवा. सेलोटेप कितीही हाताशी असला तरी फाटलेल्या पानावर लावू नका. दोन-तीन वर्षांत तो पिवळा पडतो, सुटतो आणि जाताना अक्षरं घेऊन जातो. मैद्याची खळ करा: एक वाटी मैदा, पाच वाट्या पाणी, मंद आचेवर ढवळत राहायचं, पारदर्शक दिसू लागली की उतरवायची. फाटलेल्या रेषेवर पतंगाच्या पांढऱ्या कागदाची बोटभर पट्टी पातळ खळीने चिकटवली की खालची अक्षरंही वाचता येतात. खळ दमट हवेत दोन दिवसांत आंबते, म्हणून थोडीथोडीच करा. चित्रपुस्तकांच्या मधल्या पिना आमच्याकडे हमखास गंजतात आणि भोवतीचं पान खातात. त्या काढून टाका आणि त्याच भोकांतून सुती दोऱ्याने शिवा. वीस-पंचवीस पुस्तकं अशी उभी राहतात, एक रुपया खर्च न होता.

मांडणीत मोठ्या ग्रंथालयाची नक्कल करू नका. 1876 मध्ये निघालेली आणि आज जगभर चालणारी, विषयांना आकडे देऊन पुस्तकं लावायची ड्युईची दशांश पद्धत नोंदवहीत वर्गांक म्हणून असू दे, सहा वर्षांच्या मुलाला तिचा उपयोग नाही. तो मुखपृष्ठ बघून पुस्तक उचलतो. म्हणून पहिली-दुसरीसाठी वर्गाच्या भिंतीवर, मुलाच्या छातीच्या उंचीला, दोन सुतळ्या ताणून बांधा आणि पुस्तकं मधून उघडून दोरीवर टाका. खिळे मेमध्येच ठोकून घ्या, नंतर हातोडी सापडत नाही. तिसरीच्या पुढच्यांसाठी कण्यावर रंगीत पट्टी पुरे: एका पानावर एकच ओळ असलेली, परिच्छेद असलेली, आणि प्रकरणं पाडलेली. पुस्तक कोणत्या पट्टीचं ते ठरवायला वर्गातल्या मुलाकडून एक पान मोठ्याने वाचून घ्या. पानावर पाचाहून जास्त शब्दांना अडखळला तर वरची पट्टी लावा. पण त्या मुलाला ते पुस्तक हवंच असेल, तर द्यायचं. घरी कुणी वाचून दाखवील, नाहीतर चित्रं तर बघेल.

शाळा उघडण्याच्या आठवड्यात ग्रंथालयाच्या खोलीत मोफत पाठ्यपुस्तकांचे गठ्ठे येऊन पडतात. ते पहिल्या दिवशी वाटून होतातच, फक्त गठ्ठ्यांवरचं जाड प्लॅस्टिक जपून ठेवा. त्याचे पुस्तक मावेल असे लिफाफे कापून कडा शिवून घ्या. एका जुलैत आमच्या तिसरीतला एक मुलगा तीन दिवस शाळेत आलाच नाही. घरी गेले तेव्हा कळलं, ओढा ओलांडताना पुस्तक भिजलं होतं आणि ते त्याने चुलीमागे वाळत घातलं होतं. बाई मारतील म्हणून तो घरी बसला होता. त्या दिवसापासून प्रत्येक पुस्तक लिफाफ्यातूनच घरी जातं. पहिल्या पालकसभेत मी उभी राहून सांगते, की भिजलं, फाटलं, हरवलं तर दंड नाही, फक्त येऊन सांगायचं. तुम्हीही हे मुख्याध्यापकांशी बोलून ठरवा आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या इतिवृत्तात लिहून घ्या. वर्षाला काही पुस्तकं वापरात झिजणार हे समितीने मान्य केलेलं असलं, की पुढे पदभार देतानाही प्रश्न येत नाही.

देवघेव नोंदवही तारखेप्रमाणे लिहू नका, प्रत्येक मुलाला एक पान द्या. तारीख, दाखल क्रमांक, परत. एवढंच. महिन्याने चाळलीत की कोणाचं पान कोरं आहे ते लगेच दिसतं, आणि त्या मुलाजवळ जाऊन बसता येतं. पहिलीच्या मुलांना नाव लिहिता येत नाही, त्यांनी आपापलं चिन्ह काढावं: मासा, छत्री, चांदणी. नोंदी करायला चौथी-पाचवीतली दोन मुलं जूनमध्येच शिकवून ठेवा. बालमंत्रिमंडळातला ग्रंथालयमंत्री निवडला जाईपर्यंत थांबू नका.

नव्या खरेदीबद्दल थोडक्यात. समग्र शिक्षा या सरकारी योजनेच्या निकषांत प्राथमिक शाळेच्या ग्रंथालयासाठी वर्षाला 5000 रुपयांपर्यंत अनुदानाची तरतूद आहे. साठ रुपयांचं एक पुस्तक धरलं तर ऐंशीच्या आसपास पुस्तकं होतात. मागण्यांची यादी आधीच तयार ठेवा आणि ती मुलांना विचारून करा. आमच्याकडे साप, भुतं आणि क्रिकेट कायम वर असतं. पैसे कमी पडले की 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचं परिशिष्ट समितीसमोर ठेवा. प्रत्येक शाळेत वर्तमानपत्र, मासिकं आणि गोष्टींसह सर्व विषयांची पुस्तकं असलेलं ग्रंथालय हवं, असं त्यात स्पष्ट म्हटलेलं आहे. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक 1971 पासून निघतंय, त्याची वर्गणी जूनमध्येच भरा. दिवाळीनंतर चिरेखाणी सुरू झाल्या की कर्नाटकातून आलेल्या कुटुंबांची मुलं वर्गात येतात. त्यांच्यासाठी प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावरून दहा-बारा कन्नड गोष्टी आत्ताच छापून शिवून ठेवा. त्या क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली असल्यामुळे मोकळेपणाने छापता येतात.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर आणखी तीन खुणा करा. 12 ऑगस्ट, म्हणजे भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक एस. आर. रंगनाथन यांची जयंती म्हणून पाळला जाणारा दिवस, हा ग्रंथपाल दिन. 15 ऑक्टोबर हा वाचन प्रेरणा दिन. त्या दिवसांसाठी भाषणं पाठ करून घेण्यापेक्षा एक तास सगळ्यांनी, स्वयंपाकाच्या मावशींसकट, वाचत बसायचं असं ठरवून टाका. तिसरी खूण गणपतीच्या सुट्टीची. त्या सुट्टीत प्रत्येक मुलाला दोन पुस्तकं द्या, कारण घरात मुंबईहून आलेले काका-आत्या असतात आणि वाचून दाखवायला माणसं मिळतात. जुलैतच वाडीच्या मुंबई मंडळाला एक पत्र लिहा: चाकरमान्यांनी गावी येताना आपल्या मुलांची वाचून झालेली गोष्टीची पुस्तकं आणावीत, शाळेत कुणीही येऊन द्यावीत. पत्र मुलांच्या हस्ताक्षरात असू दे.