रिफ्रॅक्टर घेताय? झूम सोडा, आधी एफ नंबर बघा

रिफ्रॅक्टर, म्हणजे भिंगांचा टेलिस्कोप, बघायला गेलं की पहिला प्रश्न ठरलेला, "झूम किती?" ते सोडा. पुढच्या भिंगाच्या फोकल लेंथला (भिंगापासून प्रकाश एकत्र येतो तिथपर्यंतचं अंतर) त्याच्या व्यासाने भागा, आला तो एफ नंबर, अर्धं काम तिथेच होतं.

भानगड अशी की काच निळा प्रकाश लालपेक्षा जास्त वाकवते, मग सगळे रंग एका जागी जमतच नाहीत आणि चंद्राच्या कडेला जांभळी झालर दिसते. गॅलिलिओच्या १६०९ च्या दुर्बिणीत हेच दुखणं, केप्लरच्या रचनेतही हेच (पहिल्याचा आयपीस, म्हणजे डोळ्याजवळचं भिंग, अंतर्गोल, चित्र सुलटं पण फील्ड, म्हणजे एका वेळी दिसणारं आकाश, एवढंसं, दुसऱ्याचा बहिर्गोल, चित्र उलटं पण फील्ड मोठं). तेव्हाचा उपाय काय, तर एफ नंबर मोठा झाला की झालर कमी होते, म्हणून नळी लांबवत न्यायची, हेवेलियस या खगोलशास्त्रज्ञाची तर जवळपास ४५ मीटर झाली होती, खांबाला दोरांनी टांगलेली!

खरा तोडगा म्हणजे अ‍ॅक्रोमॅट, डॉलंड या भिंगांच्या कारागिराने १७५८ मध्ये पेटंट घेतलं तो. क्राउन काचेचं बहिर्गोल आणि फ्लिंट काचेचं अंतर्गोल भिंग जोडीने बसवायचं, एकाने पसरवलेले रंग दुसरं ओढून आणतं, वर कडेचे आणि मधले किरण एका बिंदूत आणायचं कामही हीच जोडी करते. पण नीट जुळतात दोनच रंग, जांभळा थोडा उरतोच. तिसराही जुळवायचा तर ईडी काच (रंग कमी पसरवणारी) किंवा तसंच फ्लोराइट लागतं, तो अ‍ॅपोक्रोमॅट, आणि तिथे खिसा रिकामा होतो. पेट्झवाल नावाच्या रचनेत मागे अजून भिंगं असतात, फोटोच्या कोपऱ्यातले तारेही टोकदार येतात, नुसतं डोळ्यांनी बघणार असाल तर त्याच्या नादी लागू नका.

अ‍ॅक्रोमॅटसाठी ढोबळ हिशोब: व्यास इंचात घ्या, तिप्पट करा, एफ नंबर निदान तेवढा हवा. ४ इंचाला एफ १२. म्हणून १०० मिमी एफ ५ मध्ये तारकागुच्छ झकास दिसतात पण गुरू जांभळट. असा आधीच घेतला असेल तर पुठ्ठ्याला ६० मिमीचं गोल भोक पाडून पुढे लावा, एफ ८.३ होतो, झालर बरीच कमी होते, बारकावे मात्र थोडे जातात.

तपासायचं कसं? टेलिस्कोप अर्धा तास बाहेर थंड होऊ द्या, ठळक तारा धरा, मोठं मॅग्निफिकेशन लावा आणि फोकस थोडा आत, मग तेवढाच बाहेर फिरवा. दोन्हीकडे सारखीच गोल वलयं दिसली की भिंग चांगलं. एकीकडे वलयं कोरीव आणि दुसरीकडे नुसता धुरकट गोळा, तर गोलीय दोष, म्हणजे कडेचे आणि मधले किरण एका बिंदूत येत नाहीत. वलयं एका बाजूला सरकलेली असतील तर भिंग तिरकं बसलंय.

आणि हो, धूळ दिसली म्हणून भिंगांची जोडी उघडू नका. मी उघडली होती, मधले फॉइलचे तीन इवलेसे तुकडे खाली पडले, आणि कुठलं भिंग कुठल्या बाजूने होतं ते आठवेपर्यंत रात्र संपली.