वाळूज एमआयडीसीत लहान लेकरू घेऊन आलात तर

खोलीचं डिपॉझिट, गॅस, पाण्याचा टँकर, गेटपास... यातच पहिले दोन महिने जातात. सेनगावकडून आम्ही आलो तेव्हा थोरला सव्वा वर्षाचा होता. तरी लेकरू सहा वर्षांच्या आतलं असेल तर पहिल्याच आठवड्यात जवळच्या अंगणवाडीत त्याचं नाव घाला, म्हणजे त्याच्या वाढीची, बोलण्या-ऐकण्याची तपासणी सुटणार नाही. भाड्याची खोली चालते. गावी नाव असेल तर तिथल्या ताईला फोन करून पोषण ट्रॅकरवरून, म्हणजे अंगणवाडीच्या सरकारी ॲपवरून, इकडं वळवायला सांगा. माता-बाल संरक्षण कार्ड गावीच पेटीत राहिलं असेल तर मागवून घ्या.

गावात लेकराकडं दहा जणांचं लक्ष असतं. ओसरीवरची म्हातारी पटकन विचारते, "हे काहून बघंना गं माझ्याकडं?" इथं एका खोलीत आई आणि लेकरू, बाप नाईट करून झोपलेला. विचारणारं कुणी नाही. आमचा दोन वर्षांचा झाला तरी एक शब्द बोलत नव्हता. फोनवर सगळे म्हणायचे, बापही उशिराच बोलला. तेच धरून मी सात महिने घालवले.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, म्हणजे लेकरांच्या तपासणीची सरकारी योजना, 2013 साली सुरू झाला. त्याचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं. डॉक्टर असतात, पैसे लागत नाहीत. तारीख ताईला विचारून ठेवा. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांची लेकरं नेमकी यातून सुटतात, कारण पथक गावात येतं तेव्हा ती फडावर असतात. अशा घरातून आला असाल तर तारखेची वाट न बघता सरळ आरोग्य केंद्रात जा.

तपासणीत प्रश्न साधे असतात. नावानं हाक मारली की वळतं का? हवं ते बोटानं दाखवतं का? नवं काही दिसलं की तुम्हाला दाखवायला आणतं का? घाबरलं की कुणाकडं पळतं? मी तिथं "हो, करतो की" म्हणत गेले. लेकराला नावं ठेवतील, सासरी कळेल, ही भीती. तुम्ही असं करू नका. ही तपासणी म्हणजे रोगाचा शिक्का नव्हे, पुढं नीट बघायचं की नाही एवढंच त्यातून ठरतं. सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही, दोन वर्षांपर्यंत "पाणी दे" असे दोन शब्द जोडून नाहीत, किंवा येत असलेलं बोलणं-हसणं थांबलं, तर पुढच्या महिन्यावर ढकलू नका. दिवस भरायच्या आधी जन्मलेलं असेल तर तेही सांगा, दोन वर्षांपर्यंत जितकं आधी जन्मलं तितके दिवस वजा करून वय धरतात.

आणि आधी कान तपासून घ्या. आमच्या थोरल्याला दोन्ही कानांनी कमी ऐकू यायचं. कुकरच्या शिट्टीला वळायचा, म्हणून ऐकतो असं आम्ही धरून चाललो. मशीन लागलं, बोलण्याचे व्यायाम सुरू झाले, तेव्हा कुठं पहिल्यांदा "आई" ऐकलं.

पथकानं जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राची (डीईआयसी) चिठ्ठी दिली तर ती घेऊन घरी बसू नका. बोलण्याचे, कानाचे, वागणुकीचे जाणकार तिथं एका छताखाली मिळावेत म्हणूनच ते केंद्र आहे. लेकरू घरी कसं खेळतं, चिडलं की काय करतं, त्याचे दोन-तीन व्हिडिओ मोबाईलमध्ये घेऊन जा. नव्या माणसापुढं ते गप्पच बसतं. तुमची झोप लागत नसेल, सारखं रडू येत असेल, तर तेही तिथंच बोला.

तारीख कळली की मिस्टरांना शिफ्ट बदलून घ्यायला सांगा. आईच्या नजरेतून सुटलेलं बापाला दिसतं, आमचा फक्त कुकरसारख्या मोठ्या आवाजालाच वळतो, हे त्यांच्याच ध्यानात आलं होतं.