वेप गिफ्ट करायचा विचार असेल तर आधी हे वाचा, आणि श्रावणाआधी सिगारेट सोडायची ही तयारी करा

घरातल्या सिगारेट ओढणाऱ्या माणसाला, मग ते भावजी असोत, मोठा भाऊ असो नाहीतर नवरा, वाढदिवसाला एक चांगल्यातला वेप, म्हणजे ई-सिगारेट, घेऊन देऊया, निदान सिगारेट तरी सुटेल, असं हल्ली बऱ्याच जणांच्या मनात येतं आणि त्यामागची माया मला कळते. पण तयारीच्या यादीत पहिली ओळ हीच लिहा की आपल्याकडे हे गिफ्ट बसत नाही. १८ सप्टेंबर २०१९ ला केंद्राचा वटहुकूम आला, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्याचा कायदा झाला, आणि तेव्हापासून ई-सिगारेट बनवणं, आयात करणं, विकणं, वाटणं, साठवणं, जाहिरात करणं सगळं बंद आहे. पहिल्यांदा पकडलं तर एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, परत सापडलं तर तीन वर्षं आणि पाच लाखांपर्यंत. नुसता साठा ठेवला तरी सहा महिने किंवा पन्नास हजारांपर्यंत. बोटीवर असलेल्या चुलतभावाला "येताना एक घेऊन ये रे" म्हणून सांगणं आपल्याकडे अगदी सहज होतं, कारण गोव्यात दर दुसऱ्या वाड्यावर कोणीतरी तारवटी (बोटीवर नोकरी करणारा) असतोच, पण ती आयातच झाली, आणि विमानतळावर अडकणार तो बिचारा, तुम्ही नाही. किनारपट्टीवर चोरून मिळतात म्हणून कोणी सांगेल, तर त्यातल्या लिक्विडमध्ये काय आहे, निकोटीन किती आहे, याची जबाबदारी घेणारं कोणीच नसतं. ज्याच्या फुप्फुसाची काळजी म्हणून गिफ्ट देताय त्यालाच असलं काहीतरी ओढायला द्यायचं का?

आता ज्यांचे भाऊबंद ब्रिटनमध्ये, स्विंडनला नाहीतर लंडनला आहेत त्यांच्यासाठी थोडं वेगळं. तिथे सिगारेट सोडण्यासाठी वेप वापरायला त्यांची सरकारी आरोग्यसेवाच मदत करते, त्यामुळे तिथल्या सज्ञान, आधीपासून सिगारेट ओढणाऱ्या माणसाला तिथल्याच दुकानातून, तिथल्याच पत्त्यावर घेऊन देता येतो, इथून कुरिअर बिरिअर अजिबात नाही. पण तिथेसुद्धा "अॅडव्हान्स्ड" लिहिलेलं बघून भुलू नका, हे मी ठासून सांगेन. मोठा मॉड (वेपचा बॅटरीवाला भाग), वेगळी बॅटरी, स्वतः गुंडाळायची कॉइल (लिक्विड तापवणारी तार), हे सगळं ज्याला त्यातलं कळतं त्याच्यासाठी आहे. साधा हिशोब बघा, असल्या वेपमधली पूर्ण चार्ज झालेली १८६५० बॅटरी ४.२ व्होल्ट देते, कॉइल ०.५ ओहमची असेल तर ८.४ अँपिअर ओढले जातात, आणि कोणी हौसेने ०.२ ओहमची कॉइल लावली की तेच २१ अँपिअर होतात, बऱ्याच बॅटऱ्यांना तेवढं झेपत नाही. मेकॅनिकल मॉडमध्ये तर मध्ये अडवणारं सर्किटच नसतं. अमेरिकेत २०१८ मध्ये फ्लोरिडात आणि २०१९ मध्ये टेक्सासमध्ये वेप फुटून माणसं गेली आहेत. सुटी बॅटरी किल्ल्या-नाण्यांबरोबर खिशात टाकली तरी शॉर्ट होते, म्हणून द्यायचाच असेल तर आतच बॅटरी असलेला साधा किट, एक ओहमच्या वरची कॉइल, निकोटीन २० मिलिग्रॅम प्रति मिलिलीटरच्या आत (ब्रिटनमधली कायद्याची मर्यादाच ती आहे), आणि लिक्विडची बाटली पोरांच्या हाताला लागणार नाही अशी जागा. एकदाच वापरून फेकायचे वेप तिथे १ जून २०२५ पासून बंद झालेत, ते शोधत बसू नका. एवढं पुरे, कारण मला खरं बोलायचंय ते इथल्या माणसाबद्दल.

इथल्या माणसाला काय द्यायचं तर सिगारेट सोडायची अख्खी तयारी करून द्यायची. हे गिफ्ट कुठल्याही मशीनपेक्षा मोठं आहे असं मला मनापासून वाटतं, कारण सोडताना त्रास पहिल्या दोन-तीन दिवसांत सगळ्यात जास्त होतो, मग दोन ते चार आठवडे हळूहळू उतरत जातो, आणि नेमके तेवढे दिवस माणूस एकटा पडतो, घरचे म्हणतात सोडली ना, झालं तर मग. पण आधी त्याच्याशी बोला. तो स्वतः "सोडायचीय" म्हणतोय का, हे कळल्याशिवाय काही आणू नका, नाहीतर आणलेलं सामान कपाटात पडून राहील आणि तुमच्यात उगाच कडवटपणा येईल. विचारताना दोनच प्रश्न पुरतात, दिवसाला किती ओढता आणि सकाळी उठल्यावर पहिली किती वेळात पेटवता. दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा, का ते पुढे येईल.

मग तारीख. माझं ठाम मत आहे की गोव्यात सिगारेट सोडायला श्रावणासारखा महिना नाही. निदान आपल्या हिंदू घरांमध्ये मासळी बंद, बऱ्याच जणांची दारूही बंद, म्हणजे संध्याकाळी बारवर बसणं आपोआप कमी होतं, आणि दारू पोटात गेली की सिगारेटची आठवण येतेच हे ओढणारा कोणीही सांगेल. मित्रही "श्रावण आहे त्याचा" म्हणून सोडून देतात, फार आग्रह करत नाहीत. कार्निव्हल, शिगमो, नातेवाईकांचं लग्न, ऑफिसात मार्चएंड, असल्या दिवसांत तारीख धरू नका. श्रावणाच्या आदल्या आठवड्यात सगळं सामान जमवायचं आणि पहिल्या दिवसापासून बंद.

सामानात सगळ्यात आधी निकोटीनची गम. २ मिलिग्रॅमची गम फार्मसीत चिठ्ठीशिवाय मिळते, पुदिना, दालचिनी, पान असे फ्लेवर असतात, आणि गुटखा किंवा पान सोडणाऱ्याला पानवाला फ्लेवर बरा पडतो. ४ मिलिग्रॅमला डॉक्टरांची चिठ्ठी लागते. आता तो दुसरा प्रश्न: उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत पहिली पेटवणाऱ्याला साधारण ४ ची लागते, उशिरा पेटवणाऱ्याला २ ची पुरते. नुसती गम आणून हातात दिली तर मात्र काम होत नाही, चघळायची कशी ते दाखवावं लागतं, आणि इथेच बहुतेकांचं फसतं. आमच्या भावजींनी पहिली गम च्युइंगमसारखी भराभर चावली, दोन मिनिटांत उचकी लागली, घशात जळजळ, आणि पिकदाणीत टाकून म्हणाले हे काही खरं नाही. मग बहिणीने त्यांना बल्कांवात (घरापुढच्या ओट्यावर) बसवून परत दिली: हळूहळू चावा, जिभेला झिणझिण लागली की थांबा, गालाच्या आणि हिरडीच्या मध्ये सरकवून ठेवा, झिणझिण गेली की परत दोन-चार वेळा चावा, परत ठेवा, गालाची जागा बदला, असं अर्धा तास. कारण निकोटीन तोंडाच्या आतल्या कातडीतून आत जायला हवं, गिळलं तर पोटात जाऊन उचकी आणि मळमळ, फायदा शून्य. तेव्हापासून बसलं त्यांना.

अजून एक, आपल्या जेवणाशी संबंध असलेलं. तोंड आंबट असेल तर गममधलं निकोटीन नीट शोषलं जात नाही, म्हणून चहा, कॉफी, लिम्का, कोकम सरबत, सोलकढी घेतल्यावर पंधरा मिनिटं थांबायचं आणि मगच गम. जेवणानंतरची सिगारेट ही बऱ्याच जणांची सगळ्यात घट्ट सिगारेट असते, आणि जेवणाच्या शेवटी आपण सोलकढी पितो, मग लगेच गम टाकली आणि काहीच झालं नाही म्हणून माणूस वैतागतो. सोलकढी जेवणाच्या सुरवातीला घ्या, शेवटी पाण्याने चूळ भरा, एवढ्याने फरक पडतो. पहिले सहा आठवडे दर एक-दोन तासाला एक, मग अंतर वाढवत न्यायचं, एकूण तीनेक महिने, दिवसाला २४ च्या वर कधीच नाही. कवळी असेल तर गम चिकटते, मग निकोटीनची चघळायची गोळी नाहीतर अंगाला चिकटवायची पट्टी, म्हणजे पॅच. पॅच २१, १४, ७ मिलिग्रॅमचे येतात, दंडावर किंवा छातीवर, केस नसलेल्या कोरड्या जागी, रोज वेगळ्या ठिकाणी, आणि आपल्याकडचा घाम बघता आंघोळ करून, अंग पूर्ण सुकवून, पंख्याखाली बसून लावायचा, नाहीतर दुपारपर्यंत सुटतो. रात्री विचित्र स्वप्नं पडली तर झोपताना काढून ठेवायचा.

डॉक्टरांकडे एकदा जाऊन या, हे यादीत पक्कं लिहा. नुकताच हार्ट अटॅक येऊन गेलाय, गरोदरपण आहे, दम्याची किंवा मानसिक आजाराची गोळी चालू आहे, अशांनी तर विचारल्याशिवाय काहीच सुरू करू नये, कारण सिगारेटच्या धुरामुळे काही औषधं शरीरातून लवकर बाहेर जातात, धूर बंद झाला की तीच औषधं अंगात जास्त राहतात, डोस बदलावा लागू शकतो. कॉफीचंही तसंच, म्हणून सिगारेट सोडल्यावर तेवढीच कॉफी घेतली तर छाती धडधडते, झोप येत नाही, आणि माणूस म्हणतो सोडल्यामुळे झालं. कॉफी अर्धी करा. बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) किंवा जवळच्या सरकारी इस्पितळात तंबाखू सोडण्यासाठी कुठे भेटायचं ते विचारून ठेवा, आणि सिगारेटच्या पाकिटावर छापलेला १८००-११-२३५६ हा फुकटचा हेल्पलाइन नंबर त्याच्या मोबाइलमध्ये आधीच सेव्ह करून द्या. तंबाखूविरुद्ध आपल्या गोव्याने देशाच्याही आधी पाऊल टाकलंय, सार्वजनिक ठिकाणी ओढण्या-थुंकण्याविरुद्धचा गोव्याचा कायदा १९९७ चा, केंद्राचा २००३ चा, आणि डॉ. शरद वैद्यांसारख्या कॅन्सर सर्जननी त्यासाठी आयुष्य घातलं, हे त्या माणसाला सांगितलं तरी चालेल, बरं वाटतं.

आता डबी. एक छोटी स्टीलची डबी घ्या, शर्टाच्या खिशात मावेल अशी, जिथे आधी पाकीट असायचं तिथेच. त्यात गमची स्ट्रिप, भाजलेली बडीशेप, दोन-चार लवंगा, सुकवलेला आवळा. सुपारी मात्र नको, आणि तयार मुखवास घेत असाल तर पुडीवर वाचून घ्या, बऱ्याचशांत सुपारी असते, आणि सुपारी स्वतःच कॅन्सर करणारी म्हणून २००४ पासून जागतिक यादीत आहे, एक सोडून दुसरं धरायला नको. तलफ आली की ती तीन ते पाच मिनिटांत ओसरते, तेवढा वेळ काढायचा असतो, म्हणून त्याच्याबरोबर बसून ठिकाणं लिहून काढा: सकाळचा चहा, दुपारी झोपून उठल्यावर, रायबंदरला चोडणच्या फेरीबोटीची वाट बघताना, गाड्यावर रस ऑम्लेट सांगितल्यावर ते येईपर्यंत. प्रत्येकासमोर काय करायचं तेही लिहा, फेरीवर असेल तर बाइकवरून उतरून पुढे कठड्यापाशी जायचं, गाड्यावर असेल तर पार्सल घेऊन यायचं. घरातले लायटर, अॅशट्रे, गाडीच्या डॅशबोर्डमधलं अर्धं पाकीट सगळं आदल्या रात्री काढा, रेनकोट आणि हेल्मेटचं अस्तर धुऊन टाका, पावसाळ्यात ओल्या कपड्याला तो वास महिनाभर राहतो.

बायकोने, बहिणीने, आईने आपली तयारी करायची ती वेगळीच. पहिला आठवडा माणूस चिडतो, भाजीत मीठ कमी म्हणून ताट सरकवेल, तेव्हा "बघ, परत ओढ त्यापेक्षा" असं चुकूनही म्हणू नका. पोट साफ होत नाही, म्हणून पपई, केळी, भरपूर पाणी घरात ठेवा. भूक वाढते, वजन थोडं वाढतं, त्यावरून चिडवू नका. आणि मध्येच एखादी ओढलीच तर गम-पॅच बंद करू नका, तारीख पुसू नका, कुठे ओढली आणि बरोबर कोण होतं तेवढं शांतपणे विचारा आणि ठिकाणांच्या यादीत ते घाला. बहुतेक लोकांची पहिल्या खेपेला सुटत नाही, परत परत करून सुटते.

श्रावण संपला की चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, आणि खरी परीक्षा तिथे. घरोघरी घुमट आरत्या, दोन घरांच्या मधल्या वाटेवर उभे राहून ओढणारे मित्र, रात्रभर पत्ते. त्याला माटोळी (गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची चौकट) बांधायचं काम द्या, रानातून कांगलां, माट्टी, आंबाडे आणण्यापासून ते दोऱ्या बांधण्यापर्यंत, हात आणि डोकं दोन्ही गुंततात. आरतीला जाताना बरोबर एक न ओढणारा पाहिजे, भाचा असला तरी चालतो. पत्त्यांच्या पंगतीत बसायचंच असेल तर गम आधीच तोंडात. आणि चवथीला बऱ्याच फार्मसी बंद असू शकतात, म्हणून किमान चार दिवसांच्या स्ट्रिप आधी आणून देवघराच्या कपाटात नको, त्याच्या हाताला लागेल अशा जागी ठेवा.