स्वादुपिंडाच्या एन्झाइम कॅप्सूल: केव्हा, किती आणि कशा घ्यायच्या

स्वादुपिंडाला जुनाट सूज असेल किंवा शस्त्रक्रियेत त्याचा मोठा भाग काढला असेल, तर डॉक्टर पॅन्क्रिएटिनच्या, म्हणजे स्वादुपिंडातल्या पाचक एन्झाइमच्या, कॅप्सूल लिहून देतात. घरी मात्र ती 'जेवणानंतरची गोळी' होऊन बसते. ताट उचललं, ओटा आवरला, मग आठवणीने कॅप्सूल आणि पाणी. औषध महाग, आणि अशा घेण्याने त्याचा बराचसा भाग फुकट जातो.

निरोगी स्वादुपिंड दिवसाला साधारण एक ते दीड लिटर रस सोडतं, पण गरज पडेल तसा. जठरातलं आंबट मिश्रण लहान आतड्याच्या तोंडाशी उतरलं की तिथल्या पेशी सिक्रेटिन हे संप्रेरक सोडतात. त्यामुळे स्वादुपिंडातून बायकार्बोनेटचं अल्कधर्मी पाणी येतं आणि आम्ल शमतं. स्निग्ध पदार्थ आणि प्रथिनं पोचली की कोलेसिस्टोकायनिन सुटतं; मग चरबी पचवणारं लायपेज, पिष्ट पचवणारं अमायलेज आणि प्रथिनं पचवणाऱ्या ट्रिप्सिनचं कच्चं रूप ट्रिप्सिनोजेन येतात, पित्ताशयही आकसून पित्त ढकलतं. कॅप्सूलला यातलं काही कळत नाही. जेवण केव्हा सुरू झालं हे तिला तुम्हीच सांगायचं.

म्हणून पहिल्या एक-दोन घासांबरोबर पहिली कॅप्सूल घ्या. एका जेवणाला दोन किंवा जास्त असतील तर बाकीच्या जेवणाच्या मध्यावर. पंगतीचं जेवण तासभर चालणार असेल तर तीन भागांत वाटा. आतले दाणे दोन मिलिमीटरहून लहान असतात, ते अन्नात मिसळून अन्नाबरोबरच पुढे सरकावेत हा सगळा खटाटोप.

खरेदी करताना मिलिग्रॅम पाहू नका, लायपेजची युनिट पाहा. प्रौढांना मुख्य जेवणाला साधारण 25,000 ते 50,000 युनिट आणि मधल्या खाण्याला 10,000 ते 25,000 अशी सुरुवात होते. पुढे शौच आणि वजन पाहून डॉक्टर मात्रा वाढवतात. दुकानात मिळणारी डायस्टेज-पेप्सिनची पाचक सिरपं हा याला पर्याय नाही. त्यांत लायपेजच नसतं.

कोरा चहा, लिंबू सरबत, सफरचंद किंवा पपईच्या फोडी यांना कॅप्सूल लागत नाही. पेलाभर दूध, भजी, वडापाव, चकली, मूठभर शेंगदाणे यांना लागते. पुरणपोळीवर तुपाची धार असेल तर नेहमीची मात्राही पुरेलच असं नाही. सणाच्या दिवशी किती वाढवायची हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा.

कॅप्सूल गार पाण्याबरोबर, उभं किंवा ताठ बसून गिळायची. गरम चहाने एन्झाइम निकामी होतात. गिळता येत नसेल तर ती उघडून दाणे चमचाभर सफरचंदाच्या गरात मिसळा आणि न चावता लगेच गिळा. दुधात किंवा वरणभातात कालवू नका: दाण्यांवरचं आवरण आम्लात टिकतं, पण पीएच (आम्लतेचं माप; आकडा वाढला की आम्ल कमी) सुमारे 5.5 च्या वर गेला की विरघळतं. मग एन्झाइम वाटीतच मोकळे होतात आणि जठरातलं आम्ल त्यांना मारतं. दाणे हिरडीत अडकले तर तोंड येतं, म्हणून नंतर चूळ भरा.

मात्रा बरोबर आहे हे कसं ओळखायचं? शौच पाहून. फिकट, तेलकट, उग्र वासाचं, पाणी ओतूनही भांड्याला चिकटून राहणारं शौच म्हणजे चरबी पचत नाही. (नुसतं तरंगणं हा पुरावा नव्हे, वायूमुळेही तरंगतं.) लायपेजचं उत्पादन सामान्याच्या दहा टक्क्यांच्या आसपास घसरेपर्यंत ही लक्षणं सहसा दिसत नाहीत, दिसली म्हणजे राखीव साठा संपलेला असतो. शौचातल्या इलास्टेजची, म्हणजे स्वादुपिंडाच्याच आणखी एका एन्झाइमची, तपासणी कॅप्सूल चालू असतानाही करता येते, पण पातळ जुलाबाचा नमुना दिला तर आकडा खोटाच कमी येतो.

नियमित घेऊनही फरक नसेल तर आधी वेळ तपासा, मग मात्रा, मग डबी कुठे ठेवली होती ते. मे महिन्यात बंद गाडीत राहिलेली डबी फेकून द्या. हे सगळं ठीक असेल तर आम्ल कमी करणारं औषध जोडावं लागतं, कारण बायकार्बोनेट कमी पडल्याने आतड्यातही आंबटपणा राहतो आणि आवरण वेळेवर विरघळत नाही. लहान आतड्यात जिवाणू वाढले असतील तर तेही शोधावं लागतं. तूप-तेल पूर्ण तोडणं मात्र चूक. वजन आणखी उतरतं, ए, डी, ई, के ही जीवनसत्त्वं आधीच कमी पडत असतात, आणि हाडं ठिसूळ होतात.

हे औषध डुकराच्या स्वादुपिंडापासून बनतं. शाकाहारी किंवा मुस्लिम रुग्णाला ते सुरुवातीलाच सांगायला हवं. नंतर कळलं की लोक न सांगता बंद करतात.

मधुमेहही असेल तर जास्त जपा. स्वादुपिंड खराब होताना इन्सुलिनबरोबर ग्लुकॅगॉन हे साखर वाढवणारं संप्रेरक बनवणाऱ्या पेशीही जातात, त्यामुळे उतरलेली साखर शरीराला स्वतःहून सावरणं जड जातं. इन्सुलिन टोचलं आणि कॅप्सूल विसरली, तर अन्न नीट शोषलं जात नाही आणि साखर खाली येऊ शकते. उलट कॅप्सूल नव्याने सुरू केल्यावर अन्न अंगी लागतं, साखर चढते आणि इन्सुलिनची मात्रा बदलावी लागते. पहिले काही आठवडे ग्लुकोमीटरवर जास्त वेळा मोजा. ऑफिसला जाताना कॅप्सूलची डबी जेवणाच्या पिशवीतच ठेवा, फक्त गरम डब्याला खेटून नको.