चटणी अडली ती पिशवीपायी

सोलापुरात शेंगाचटणी करणारी घरं मोजायला निघालात तर दिवस मावळेल. मी त्यातलीच एक. जोडभावी पेठेत घराच्या मागच्या दोन खोल्यांत चटणी आणि कडक भाकरी करते. हाताखाली सहा बायका, रोजची वीस किलो चटणी.

मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला तेव्हा घरात पाच पोती शेंगदाणे होते, तिखट होतं, मीठ होतं. बायका येऊ शकत नव्हत्या, तरी आम्ही घरच्या चौघांनी निम्मं काम रेटलं. दहाव्या दिवशी थांबलो, कारण पाव किलोच्या पिशव्या संपल्या. किराणा दुकानं उघडी, दुकानदार फोनवर फोन करायलेत, आणि चटणी स्टीलच्या डब्यात पडून. उघडी चटणी त्या दिवसांत कोण घेणार?

तेव्हा कुठली वस्तू किती दिवस पुरेल याची वही घातली. ती कशी घालायची ते सांगते. तुमचा धंदा टॉवेलचा असो नाहीतर शाळेच्या गणवेशांचा, रीत तीच.

एका दिवसाचा माल काढायला जे जे लागतं ते लिहा. दाणे, लसूण, तिखट, जिरं, ज्वारी एवढ्यावर थांबू नका. गॅस लिहा. पाणी लिहा, कारण आपल्याकडं नळाला रोज पाणी येत नाही हे तुम्हाला मी सांगायला नको. पिशवी, लेबल, चिकटपट्टी, खोकं. पिशवी बंद करायच्या मशीनमधली तार आणि तिच्यावरचं टेफ्लॉनचं कापडसुद्धा. माझी ती तार एकदा ऐन सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत, १३ जानेवारीला तुटली. किरकोळ किमतीची तार, पण अख्खी दुपार मेणबत्तीवर पिशव्या चिकटवत बसलो. निम्म्या सुटल्या.

आता प्रत्येक वस्तूपुढं तीन आकडे टाका: घरात किती दिवसांचं आहे, मागवल्यावर किती दिवसांत येतं, आणि मागच्या अडचणीत किती दिवस लागले होते. किलोत लिहू नका, दिवसांत लिहा. ‘दोन हजार पिशव्या आहेत’ म्हटलं की पोट भरल्यासारखं वाटतं. वीस किलोला रोजच्या ८० पिशव्या जातात, म्हणजे तो गठ्ठा २५ दिवसांचा. पिशव्या मागवल्यावर आठ दिवसांत येतात. माझा हिशोब असा की वस्तू यायला नेहमी जेवढे दिवस लागतात त्याच्या तिप्पट दिवसांचा माल उरला की ऑर्डर टाकायची. आठ त्रिक चोवीस. म्हणजे दोन हजारांवर आलं की फोन लावायचा, ‘अजून भरपूर आहेत’ असं कुणी कितीही म्हणो.

छापील पिशवीचा मोह मात्र मी सोडला. तिला छपाईचे सिलिंडर करावे लागतात, मग हजारोंची ऑर्डर द्यावी लागते, आणि पत्ता किंवा किंमत बदलली की सगळ्या रद्दीत. साधी पिशवी घ्या, वर लेबल चिकटवा. लेबल पेठेतल्या कुठल्याही छापखान्यात होतं. साधी पिशवी एकाकडं नसली तर दुसऱ्याकडं मिळते. घाईत पिशवी बदललीत तरी लेबलावरचा चौदा आकडी एफएसएसएआय (अन्न परवान्याचा) नंबर, बॅच आणि तारीख विसरू नका.

मग सगळंच भरून ठेवावं का? नाही. शेंगदाण्याला तेल सुटतं आणि तो खवट होतो. दमट राहिला तर बुरशी धरते, आणि त्या बुरशीचं विष, अफ्लाटॉक्सिन, भाजून पुरतं जात नाही. दाणे मी वीस दिवसांच्या वर ठेवत नाही. नवीन पोतं घेताना मूठभर दाणे घरी आणते, तव्यावर मंद भाजते, साल चोळून फुंकते. सुरकुतलेले, काळपट दाणे वेगळे काढते. मग एकेक चावून बघते. मुठीत दोन कडू निघाले तर पोतं परत, भाव कितीही पडलेला असो. टंचाईत हे तपासणं पहिलं सुटतं, म्हणून मुद्दाम सांगतेय.

ज्वारीचं उलट. रब्बीची मालदांडी फेब्रुवारी-मार्चमध्ये निघते, तेव्हाच वर्षाची भरते. चार कडक उन्हं दाखवायची, कडुलिंबाचा वाळका पाला घालायचा, कोठीला ओल लागू द्यायची नाही. ज्वारी टिकते, पीठ टिकत नाही. पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, गेली की थापताना भाकरी कडेला फाटते, आणि कडक भाकरी तर पापडासारखी पातळ लागते. म्हणून दळण दोन दिवसांचंच. दुसरी गिरणीही बघून ठेवा; आमच्या गिरणीवाल्याची मोटार जळली होती तेव्हा मी डोक्यावर डबा घेऊन तीन गल्ल्या फिरलेय.

अडीनडीला माल देणारा दुसरा दुकानदार धरण्यात लोक चुकतात. ‘आहे की ओळख’ म्हणतात. ओळखीवर टंचाईत माल मिळत नाही. ज्याच्या चोपड्यात तुमचं नाव दर महिन्याला येतं त्याला मिळतो. मी पाचातलं एक पोतं कायम दुसऱ्याकडून घेते, किलोमागं दोन रुपये जास्त देऊन आणि रोख. सासूबाई म्हणायच्या, पैसे काय वर आलेत? पण दोघं वेगळ्या वाटेनं माल आणतात याची खात्री करा. माझे तिखटाचे दोन्ही दुकानदार एकाच ठोक व्यापाऱ्याकडून उचलत होते, हे मला तो आजारी पडल्यावर कळलं.

काही वस्तूंना पर्यायच नसतो, तिथं माल बदलायची तयारी ठेवा. २०२४ च्या शेवटी लसूण किरकोळीत चारशेवर गेला. मला रोज दीड किलो लागतो. शेजारच्या एकीनं गुपचूप लसूण निम्मा केला आणि गिऱ्हाइकानं पहिल्याच घासाला ओळखलं. मी बिनलसणाची चटणी वेगळी काढली, जिरं वाढवून, लेबलावर ठळक लिहून. श्रावणात आणि जैन घरांत ती आजही जाते. लसणाची होती तशीच ठेवली, भाव वाढवला आणि तो का वाढवला ते दुकानदाराला आधी सांगितलं.

वाहतुकीचं थोडक्यात. माझा पुण्याचा सगळा माल एसटीच्या पार्सलनं जायचा. २०२१ च्या दिवाळीला एसटीचा संप सुरू झाला तो एप्रिल २०२२ पर्यंत चालला. तेव्हापासून रात्रीची खासगी बस आणि टपाल या दोन्ही वाटांनी महिन्यातून एकदा तरी पार्सल टाकते. २०२५ च्या सप्टेंबरात सीनेला पूर येऊन लांबोटीपाशी पुण्याचा रस्ता बंद झाला तेव्हा मात्र कुठलीच बस कामाची नव्हती. त्या वेळी एकच केलं, सकाळी सातला सगळ्या दुकानदारांना मेसेज: ‘रस्ता बंद, माल तयार आहे, सुटला की पहिल्या गाडीनं.’ एकही ऑर्डर रद्द झाली नाही. अशा वेळी कडक भाकरी अडकली तरी चालते, महिनाभर काही होत नाही तिला. फक्त खोक्यात उभी रचा. आडवी रचली की तळाच्या भाकरीचा चुरा.

आणि पैसे. अडचणीत माल असून धंदा बसतो तो उधारीनं. पुण्याच्या एका दुकानानं माझे चार महिन्यांचे पैसे धरून ठेवले, आणि त्याच काळात मला दाणे रोखीनं घ्यावे लागले. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान धंद्याची सरकारी नोंदणी, करून घ्या. २००६ च्या सूक्ष्म-लघु उद्योगांच्या कायद्यात लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या वर पैसे अडवता येत नाहीत, करार नसेल तर १५ दिवस. पुढं रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, चक्रवाढ व्याज लागतं. भांडताना कायदा दाखवलात तर गिऱ्हाईक तुटतं. पहिल्याच बिलाखाली ‘मुदत ३० दिवस’ छापून टाका, म्हणजे मागताना जीभ अडखळत नाही. शिवाय एका महिन्याची मजुरी आणि वीस दिवसांच्या दाण्यांचे पैसे मी वेगळ्या खात्यात ठेवते, त्या खात्याचं कार्ड कपाटात.

शेवटचं काम गड्ड्याची गर्दी ओसरली की, जानेवारीच्या अखेरीला. वही उघडायची आणि दुसऱ्या फळीतल्या प्रत्येकाला खरंच फोन लावायचा: आहेत का, भाव काय, किती दिवसांत देतील. यंदा नऊ नंबर होते. एक बंद, एकानं भाव दीडपट सांगितला, आणि खोकीवाल्यानं फोन उचलून सांगितलं, ‘ताई, दुकान मोडलं, आता चहाची गाडी लावलीय.’